विजेचा भाग बसला की सगळी बॅगच तपासणीत येते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात ट्रॉली बॅगांचे सुटे भाग बनवणारे अनेक लहान कारखाने आहेत. माझाही त्यातलाच एक असून आम्ही हँडलच्या ग्रिप आणि चाके पुरवतो. मोबाइल चार्ज करणारी, हँडलवर वजन दाखवणारी किंवा ब्लूटूथचे कुलूप असलेली बॅग युरोपला पाठवायची झाली, की निर्यातदार सर्किट बनवणाऱ्याकडून प्रमाणपत्र मागवतात आणि उरलेली बॅग नेहमीचीच आहे असे समजतात. हा समज चुकीचा आहे आणि त्याचा फटका आमच्यासारख्या पुरवठादारांना बसतो, म्हणून हे पत्र.

विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय संघाच्या २०११ च्या ‘आरओएचएस’ निर्देशानुसार ज्या वस्तूचे एक जरी अपेक्षित काम विजेवर चालते, ती विद्युत उपकरण ठरते. त्यामुळे विजेचा भाग बॅगेत कायमचा बसवला, की शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम, दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके आणि चार थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने) अशा दहा पदार्थांची मर्यादा अस्तर, चेन, चाक आणि ग्रिप यांनाही लागू होते. कॅडमियमसाठी ती ०.०१ टक्के आणि इतरांसाठी ०.१ टक्के आहे. हे टक्के बॅगेच्या एकूण वजनावर काढत नाहीत; वायरचे आवरण वेगळे, चेनवरचा रंग वेगळा, असा प्रत्येक एकजिनसी पदार्थ स्वतंत्र धरला जातो.

आमचा अनुभव सांगतो. मऊ पीव्हीसीच्या ग्रिपचा नमुना आम्ही एक्स-रे यंत्रावर तपासून घेतला आणि अहवाल स्वच्छ आला. पुढे खरेदीदाराच्या चाचणीत त्याच ग्रिपमध्ये डीईएचपी हे थॅलेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि सगळा माल परत आला. एक्स-रे यंत्र शिसे, कॅडमियम अशी मूलद्रव्ये ओळखते. थॅलेट म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग, ते त्याला दिसतच नाही. त्यासाठी संयुगे वेगळी करून ओळखणारी जीसी-एमएस ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते, आणि हे आम्हाला तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. दोष होता स्वस्त म्हणून घेतलेल्या पुनर्वापराच्या प्लॅस्टिक दाण्यात. त्यात पूर्वी काय मिसळले होते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

शिवाय ‘रीच’ या युरोपीय संघाच्या रसायनविषयक नियमावलीनुसार हाताला वारंवार लागणाऱ्या रबर-प्लॅस्टिकच्या भागात ठरावीक आठ पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनांपैकी (कर्करोगकारक संयुगांपैकी) कोणतेही किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. काळ्या ग्रिपमधील कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) आणि तेल इथेच अडचणीत आणतात. बॅटरीचा युरोपात वेगळा कायदा आहेच. १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-बदलता येतील अशा बसवाव्या लागणार आहेत, तेव्हा साचे आत्ताच बदलायला हवेत.

वस्तू युरोपीय नियमांना धरून असल्याची खूण म्हणजे ‘सीई’; काही दलाल ‘सीई प्रमाणपत्र’ विकतात, त्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. आरओएचएसपुरते बोलायचे तर असे प्रमाणपत्र देणारे सरकारी कार्यालय कुठेही नाही; उत्पादकाने स्वतः अनुरूपतेची घोषणा करायची असते आणि तिला आधार देणारी तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे जपायची असतात. विकत घेतलेल्या कागदाने ही जबाबदारी टळत नाही. आपल्याकडच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांतही सहा पदार्थांच्या मर्यादा आहेत, पण थॅलेट त्यात नाहीत. म्हणून देशातला नियम पाळणारा पुरवठादारही युरोपात नापास होऊ शकतो.

निर्यातदारांना माझी विनंती आहे की पदार्थांच्या मर्यादा त्यांनी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहाव्यात आणि पहिल्या चाचणीचा खर्च पुरवठादारासोबत वाटून घ्यावा. जिल्हा उद्योग केंद्राने आणि औद्योगिक संघटनांनी लहान कारखान्यांचे नमुने एकत्र पाठवण्याची सोय करावी, तसेच कोणत्या मालाला कोणती चाचणी लागते याचे मराठी पत्रक दाणा आणि रंग विकणाऱ्या दुकानांपर्यंत पोहोचवावे.

आपला,
एक लघुउद्योजक
अंबड, नाशिक