पिचर रविवारी रात्रीच लावून ठेवा

मंडळी, सोमवार, १५ सप्टेंबरपासून आपल्या फॅन्टसी बेसबॉल लीगचे प्लेऑफ (बाद फेरी). अ‍ॅपमध्ये लाइनअप (आठवड्यासाठी निवडलेले खेळाडू) पहिल्या सामन्याला आठवडाभरासाठी लॉक होईल. नंतर विनंती करू नये.

– दोन स्टार्टवाले पिचर (आठवड्यात दोन सामने सुरू करणारे चेंडूफेके) पुन्हा तपासा. मंगळवारी टाकणाऱ्याचा दुसरा स्टार्ट रविवारी येतो; मध्ये पाऊस आला किंवा सहावा पिचर घुसला, की तो पुढच्या आठवड्यात. १ सप्टेंबरपासून एमएलबी (अमेरिकेची मुख्य बेसबॉल लीग) संघांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, २६ ची २८ झाल्याने हे हमखास होते.
– एमएलबीचे प्लेऑफ पक्के झालेले संघ मुख्य पिचरला सामन्यातून लवकर बाहेर काढतात. मग विन (पिचरच्या नावावरचा विजय) हुकते, कारण त्यासाठी स्टार्टरला पाच इनिंग (डाव) पूर्ण लागतात.
– किमान २० इनिंग भरा, नाहीतर ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) या दोन्ही गटांचे गुण गेले.

कूर्स फील्डवरचा (डेन्व्हरचे मैदान, तिथे धावांचा पाऊस) स्टार्ट? शक्यतो बाकावरच.