गरीला लावलेलं सुंगट

फोंडा (गोवा), मे महिना, उकाडा विचारू नकोस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू बोललास ते डोक्यातून जाईना. पगार दोघांचे, भाडं बेताचं, आणि तरी वीस तारखेनंतर पाकीट उघडायला धीर होत नाही म्हणालास, आणि वर म्हणे "तू कुपनं लावून एवढे वाचवतोस, मला पण शिकव की". तेव्हा मागे तुझी छोटी भोकाड पसरून रडत होती म्हणून धड बोलता आलं नाही. म्हटलं लिहूनच टाकूया. व्हॉट्सअपवर टाकलं असतं तर तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा दाखवला असतास, ओळखतो ना तुला शाळेपासून.

तर आधीच कबूल करतो, पहिलं दीड वर्ष मी कुपनं वापरून जास्तच पैसे घालवलेत. खरंच. बायकोला वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट लागली तेव्हापासून घरचा बाजार माझ्याकडे आला आणि मला वाटायला लागलं की मी लय हुशार गिऱ्हाईक आहे. एकदाचा किस्सा सांगतो. तूरडाळ, तेल, अंगाचा साबण, चहा असं ४३० रुपयांचं सामान पाहिजे होतं. अ‍ॅपवर कुपन आलं, १०० रुपये सूट, पण ऑर्डर कमीत कमी ५९९ ची पाहिजे. मग काय, मी शोधत बसलो काय घालू काय घालू, आणि १८९ रुपयांची ती पावाला लावायची चॉकलेटची बरणी घातली. झाले ६१९, वजा १००, ५१९. मी खूश. मग शेवटच्या पानावर डिलिव्हरीचे २५ आणि हँडलिंग म्हणून १२ लागले, म्हणजे ५५६. त्याच चार वस्तू खाली कोपऱ्यावरच्या दुकानात ४३० ला मिळत होत्या, चालत तीन मिनिटं. म्हणजे १०० वाचवायला मी १२६ जास्त घातले, आणि ती बरणी कोणी खाल्ली नाही, मुलगा म्हणाला बाबा हे कडू लागतं. तीन महिन्यांनी मुंग्या लागल्यावर टाकली.

तुला आठवतं आपण दुर्भाटच्या धक्क्यावर गरी टाकून बसायचो? गरीला काय लावायचो, सुंगटं, म्हणजे तुमची कोळंबी. चांगली ताजी सुंगटं, घरी आईने बघितली असती तर कालवणात घातली असती. माशाच्या बाजूने बघितलं तर फुकटचं जेवणच ते. ती बरणी टाकताना मला एकदम तेच आठवलं, की च्यायला आपण इतकी वर्षं धक्क्यावर बसायचो, आता पाण्यात आहोत. सुंगट खरं असतं रे, १०० रुपये खरेच कमी होतात, लबाडी त्यात नाही. पण त्याच्या आत काय आहे ते बघून तोंड उघडायचं. आणि हे काही आजचं नाही, अमेरिकेत कोका-कोलावाल्यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटाला एक ग्लास फुकट अशा चिठ्ठ्या वाटल्या होत्या. फुकट पाजायची हौस थोडीच होती, एकदा चव लागली की दुसरा ग्लास माणूस विकत घेणारच.

मग मी काय केलं, तर एक वही केली. मुलाची जुनी चौकटीची वही, अर्धी कोरी होती. त्यात घरात दर महिन्याला लागतातच अशा वस्तू लिहिल्या, मोजून सव्वीस निघाल्या, आणि प्रत्येकीपुढे कुठे काय भावाला घेतली ते. कोपऱ्यावरचं दुकान, बागायतदार म्हणजे आमचा सहकारी बाजार, आणि अ‍ॅप, असे तीन रकाने. बायको म्हणाली आता हिशेबनीसाचा पगार पण मागशील. पण दोन महिने लिहिलं आणि डोळेच उघडले. कारण सूट आहे की नाही हे कळायला आधी मूळ भाव पाठ पाहिजे, नाहीतर २० टक्के कशावर ते कोणाला माहीत. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त भाव, सगळे कर धरून, त्याच्या वर कोणी घेऊ शकत नाही, पण खाली कितीही विकता येतं. आपल्या कोपऱ्यावरचा दुकानदार डाळीवर, तेलावर न सांगता एमआरपीच्या बराच खाली देतो, त्याचा कुठे बोर्ड नसतो. आणि अ‍ॅप एमआरपीवर काट मारून "तुम्ही ६० रुपये वाचवले" असं हिरव्या अक्षरात दाखवतं. कोणाचे वाचवले, मी एमआरपीला घेणारच नव्हतो.

टक्केवारीचं पण असंच. "५०% सूट" एवढं मोठं, आणि खाली बारीक "जास्तीत जास्त ८० रुपये". म्हणजे ती ५० टक्के फक्त १६० रुपयांच्या बिलापर्यंत. तू ६४० चं सामान घेतलंस तर ती साडेबारा टक्के झाली. म्हणून अशी कुपनं लहान ऑर्डरला लावायची, मोठीला नाही, अर्थात डिलिव्हरी फुकट असेल तरच. आणि वहिनी एक करतात ना, एकाच वेळी सगळं मागवून टाकतात, ते महिन्याच्या सामानाला बरोबर आहे पण कुपन बघून दोन भाग कर, कधीकधी दोघांच्या फोनवर दोन वेगळी कुपनं असतात. ज्याने बरेच दिवस मागवलं नाही त्याला चांगलं कुपन येतं, हे मी कितीदा बघितलंय. आणि सामान कार्टमध्ये टाकून एक-दोन दिवस तसंच सोड, कधीकधी स्वतःहून मेसेज येतो की हे घ्या कोड. रोज मागवणाऱ्याला कशाला देतील सूट, तो आधीच टोपलीत पडलेला मासा.

अजून एक, पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव छापलेला असतो, आता तो छापावाच लागतो. चष्मा लावून वाच पण वाच. मी शॅम्पूची ३४० मिलीची बाटली २९९ ची, २० टक्के कुपन लावून २३९ ला घेतली आणि कॉलर ताठ केली. घरी येऊन भागाकार केला तर मिलीला ७० पैसे. दुकानात टांगलेली २ रुपयांची पुडी, त्यात ६ मिली, म्हणजे ३३ पैसे! मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हे आपल्या डोक्यात बसलंय ते प्रत्येक वेळी खरं नसतं. आता आमच्या न्हाणीघरात पुड्यांची माळ लटकते, पाहुणे हसतात, हसू देत. प्लास्टिकचा कचरा होतो हे मात्र खरं, त्याचं मला वाईट वाटतं, पण पत्र पैशाबद्दल आहे.

आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला तेव्हाची गंमत. साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. ११८ ची वस्तू १०५ ला, म्हणजे भाव आपोआपच ११ टक्के उतरायला पाहिजे होता. त्याच आठवड्यात मला एका ठिकाणी "सणाची खास १०% सूट" दिसली, जुन्याच एमआरपीवर. वही नसती तर मी हसत हसत घेतलं असतं.

आता भाजी. भाजीला मी कुपन लावतच नाही. इथे फलोत्पादन महामंडळाचे गाडे आहेत, तुला माहीतच आहे, बेळगावची भाजी सरकारी सबसिडीत, कांदा-बटाटा-टोमॅटो बाजारापेक्षा कमीच. सकाळी लवकर गेलं की बरी मिळते, उशिरा गेलं तर मऊ टोमॅटो आणि गाड्यावाल्याचा चेहरा. तुमच्याकडे पुण्यात असं नसेल, पण संध्याकाळी मंडई उठायच्या वेळेला जा, तेच ते. मासळीला तर कसलं कुपन, तिथे आईच पाहिजे. आई टोपलीपुढे उभी राहून भाव ऐकते, काही बोलत नाही, दोन पावलं पुढे जाते, आणि मागून हाक येतेच. मी तेच केलं तर हाक येत नाही, मी परत मागे येतो आणि त्याच भावाला घेतो.

आईचं सांगतो. ही वही वगैरे बघून ती म्हणाली की हे आम्ही पुरुमेंताला करायचो. आता मे चालू आहे ना, घरात तेच चाललंय. उकडे तांदूळ, कांद्याच्या माळा, सोलां (आमसुलं), मिरची, सुकट, सुके बांगडे, सगळं पाऊस पडायच्या आधी भरून ठेवायचं. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला शब्द आहे पण करतात सगळेच, मडगावला त्याचं फेस्तच असतं, म्हणजे जत्रा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, मासळी कडाडते, तेव्हा घरात सुकं असलेला माणूस राजा. आणि तिची यादी आधी ठरलेली असते, भाव बघून वाढत नाही. मी एकदा एकावर एक फ्री लोणच्याच्या बरण्या आणल्या तर म्हणाली, "पयलीं सांग, आमकां तें जाय?" म्हणजे आधी सांग, आपल्याला ते पाहिजे का? लोणचं ती घरी घालते रे. मी गप.

पण भरून ठेवण्यात पण मी आपटलोय. एका पावसाळ्यात रव्यावर एकावर एक होतं, पाच किलोवर पाच किलो. गोव्यातला जुलै म्हणजे काय ते तू विसरला असशील, भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पंधरा दिवसांत रव्यात किडे, वॉशिंग पावडरचा दगड. किडेपण फ्रीच आले म्हणायचं. आता जूनच्या आधी मी फक्त साबण, टूथपेस्ट, भांड्याचं लिक्विड असं न बिघडणारं तीन-चार महिन्यांचं घेतो, पीठ-रवा दर पंधरवड्याला.

दोन गोष्टी पटकन. एक, बँकेच्या कार्डावर १० टक्के म्हणून नवीन क्रेडिट कार्ड काढू नकोस, किंवा काढलंस तर पूर्ण बिल वेळेवर भर, नाहीतर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तुझी वर्षाची सगळी कुपनं एका महिन्यात खाऊन टाकेल. दुसरं, आमच्या शेजारच्या काकींना मेसेज आला, तुम्हाला दोन हजारांचं कुपन लागलंय, स्क्रॅच करा आणि पिन टाका. त्या टाकणारच होत्या, नशीब मी दूध द्यायला गेलेलो. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे तुझ्या आईला पण नीट सांगून ठेव. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन. आणि ऑर्डर करताना शेवटच्या पानावर आपण न मागितलेली टिप किंवा देणगी आधीच टिक करून ठेवलेली असते ना, ती काढायची, न सांगता असं घुसडणं २०२३ च्या सरकारी नियमाप्रमाणे चालत नाही, तक्रारीचा नंबर १९१५. मी एकदा केला होता, माझे १० रुपये परत आले. बायको म्हणाली फोनवर घालवलेल्या वेळेचे किती?

तर खरे किती वाचतात विचारशील. महिन्याला सातशे, आठशे, एखाद्या महिन्यात हजार. बस. त्यातले कुपनांचे निम्मे असतील नसतील, बाकीचे आधी यादी करून ती न वाढवल्यामुळे. तुझं वीस तारखेचं दुखणं एवढ्याने जाणार नाही, मला वाटतं तुमचं बाहेरून जेवण मागवणं जास्त आहे, पण ते मी वहिनींसमोर बोलणार नाही. तू या महिन्यात फक्त वही कर. मध्ये काही विकत घेऊ नको असं नाही म्हणत, घे, पण लिही. पुढच्या महिन्यात फोटो पाठव वहीचा, आपण बसून बघू.

चतुर्थीला येताय ना? गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला हात कमी पडतात दरवर्षी. येताना छोटीला घेऊन या, आई विचारत असते.

तुझाच,
फोंड्याचा मासा

ता. क. नवीन अ‍ॅप घेणारच असशील तर वेगळ्या मेसेजमध्ये माझा रेफरल कोड पाठवतो तो टाक. तुला ५०, मला पण ५०. यादीत असलेलंच घे पण.