ताई, हक्कसोडीवर सही करू नकोस

गोथेनबर्ग, स्वीडन
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोन ठेवल्यापासून मनात घोळतंय ते सगळं लिहून काढतोय. तू घाईत होतीस, मागून दाजी हाका मारत होते, आणि मलाही पटकन शब्द सापडेनात. हे पत्र आईलाही वाचून दाखव. यात तिच्याशीही बोलायचं आहे.

तू म्हणालीस, "नानांची वारसनोंद करायचीच आहे, तर लगेहात माझं हक्कसोडपत्रही उरकून टाकू. तू डिसेंबरात आलास की निबंधकाकडे जाऊन मोकळं होऊ. मी काही फेमिनिस्ट वगैरे नाही बाबा, मला भावाशी वाटण्या करायच्या नाहीत." शेवटचं वाक्य तू हसत हसत म्हणालीस. मला ते फार लागलं. वाटणीचा विषय तू काढला नव्हतास, मीही नाही. मग हा खुलासा तू कोणासाठी केलास? भावकीसाठी, चुलत्यांसाठी, "पोरगी शहाणी आहे, माहेरावर डोळा नाही तिचा" असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी.

इथे कारखान्यात दुपारच्या कॉफीला बसलो असताना मी हा विषय काढला. शेजारी बसणारा फिटर, पन्नाशी उलटलेला, हातावर कायम ग्रीसचे डाग. त्याला विचारलं, "तू स्वतःला फेमिनिस्ट म्हणवतोस का?" तो म्हणाला, "हो, अर्थात." तू मतदान करतोस का असं विचारल्यावर द्यावं तसं उत्तर, आणि परत सँडविच खायला लागला. समोरची तरुण मुलगी मात्र "मी नाही म्हणवत" म्हणाली. तिच्या मते त्या शब्दाला राजकारणाचा रंग चढलाय. फेमिनिस्ट इनिशिएटिव्ह नावाचा पक्षच इथे २००५ साली निघाला, २०१४ मध्ये युरोपीय संसदेत त्याची एक जागाही आली. तिला तो पक्ष पटत नाही. पण समान पगार, समान रजा, समान वारसा यातलं काही सोडशील का म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

वारशाचं म्हणशील तर ऐक. या देशातही जुन्या कायद्याने गावाकडच्या मुलीला भावाच्या निम्माच वाटा मिळायचा. १८४५ साली कायदा झाला आणि मुलगा-मुलगी सारखे झाले. बायकांनी मतदान केलेली पहिली संसदेची निवडणूक झाली १९२१ ला. म्हणजे मताच्या आधी पाऊणशे वर्षं जमिनीचा वाटा आला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. १९७१ ला नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजायला लागले. १९७४ ला बाळंतपणाची रजा फक्त आईची न राहता आई-बाप दोघांची झाली. बाप काही आपणहून घरी बसेनात. तेव्हा सरकारने जाहिराती काढल्या, त्यातल्या एका पोस्टरवर लेनार्ट डाहल्ग्रेन नावाचा धिप्पाड वजनउचल्या पैलवान होता आणि त्याच्या दंडावर एवढंसं तान्हं बाळ. तेवढ्यानेही भागेना म्हणून १९९५ पासून काही दिवस बापासाठी राखून ठेवले. आता एकूण ४८० दिवसांपैकी ९० दिवस एकाचे, ९० दुसऱ्याचे. आपले राखीव दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. मी चिऊसाठी घरी राहिलो तो त्याच नियमामुळे. इतकं करूनही बाप जेमतेम तीस टक्के दिवस घेतात.

तू म्हणशील, मग तो शब्द लावून झालं काय? हा प्रश्न इथेही विचारला गेलाय. २०१४ मध्ये इथल्या सरकारने स्वतःला फेमिनिस्ट सरकार म्हणवलं. परराष्ट्रमंत्री होत्या मार्गोट वालस्ट्रॉम, त्यांनी परराष्ट्र धोरणालाही तेच नाव दिलं. २०२२ ला सरकार बदललं आणि नवे मंत्री टोबियास बिलस्ट्रॉम यांनी आल्याबरोबर ते नाव काढलं. समानता आम्हालाही हवी, पण लेबल लावलं की आतला आशय झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मी बराच विचार केला. त्यांना ते म्हणणं परवडतं, ताई. त्यांच्याकडे मुलीचा वाटा १८४५ पासून कायद्यात आहे आणि तो सोडून दे असं तिला कोणी गोडीगुलाबीने सांगत नाही. आपल्याकडे "मी फेमिनिस्ट नाही" हे वाक्य बाई बहुतेक वेळा काहीतरी सोडून देतानाच म्हणते.

आत्यांचं आठवतं ना? आजोबा गेल्यावर दोघींना तालुक्याला नेलं तेव्हा मी नानांबरोबर गेलो होतो. कारकुनाने कागदावर बोट ठेवून दाखवलं, धाकट्या आत्याने सही केली. मोठीने अंगठा दिला. शाई पुसायला काही नव्हतं म्हणून तिने पदर उलटा केला आणि आतल्या बाजूला अंगठा पुसला. घरी येऊन दोघींना साडीचोळी झाली. पुढे धाकटीचा नवरा गेला, दिरांनी तिला वेगळं काढलं आणि ती लोकांच्या कांदालागणीला रोजाने जायला लागली. त्याच हंगामात तिच्या बापाच्या रानात आपण कांदा लावत होतो. नाना वाईट नव्हते. दरवर्षी भाऊबीजेला तिला मानाने आणायचे, जाताना गव्हाचं पोतं द्यायचे. पण ते पोतं देणं न देणं त्यांच्या हातात होतं.

आता आई, तुझ्याशी बोलतो. ताईने फोन तुझ्याकडे दिला तेव्हा तूही म्हणालीस, "आपण कुठल्या रे फेमिनिस्ट!" १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा ताईला कडेवर घेऊन ट्रकमधून कोण गेलं होतं? आजीने दोन दिवस अबोला धरला होता, हे तूच सांगतेस. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आपलं गाव काही शंभरापर्यंत पोहोचलं नाही, पण नानांनी विहिरीजवळचा एकर तुझ्या नावे केला. चांदवडला गेलेल्या कितीजणींनी स्वतःला स्त्रीवादी म्हटलं असतं? फारच थोड्या. तरी केलं ते तेच. आणि हे बाहेरून आलेलं खूळही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच बाई-पुरुषाला लावल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या मापांबद्दल जळजळीत लिहून ठेवलंय. एक गोष्ट मात्र खटकते. लक्ष्मीमुक्तीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढलं, लेकीचं राहून गेलं. महाराष्ट्राने १९९४ ला कायदा केला, केंद्राने २००५ ला केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो. कायदा झाला, पण हक्कसोडीचा कागद अजून प्रत्येक घरात तयार असतो.

ताई, तुझी भीती मला कळते. नाव लावलं की माहेर तुटतं, हे तू लहानपणापासून ऐकलंयस, आणि तसं झालेली घरंही पाहिलीयस. तिथे बहिणीने हक्क मागितला म्हणून भावांनी दार बंद केलं. इथे भाऊ मी आहे. तुझ्या सहीने फायदा माझा होणार, आणि तोच मी तुला सांगतोय की सही नको करूस. मी स्वतःला फेमिनिस्ट म्हणतो. तू म्हणवून घे किंवा नको घेऊस, त्यासाठी मी हट्ट धरणार नाही. फक्त तो शब्द नाकारायचा म्हणून जमीन सोडू नकोस. दाजींनाही सांग, की जमीन विकायची नाही, बाग मोडायची नाही, कसणं सध्या चालू आहे तसंच राहील. पीक निघालं की हिशोब तिघांना जाईल, आणि तो तू लिहायचास, कारण आपल्या तिघांत हिशोब तुलाच जमतो.

तलाठ्याकडे अर्ज देशील तेव्हा वारस म्हणून आधी आईचं नाव घाल, मग तुझं, मग माझं. नानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत कपाटात वरच्या फाईलमध्ये आहे. फेरफाराची नोटीस निघाली की मला फोटो पाठव. निबंधकाकडची वेळ घेतली असेल तर रद्द कर. आणि चावडीवर कोणी विचारलं की बहिणीचं नाव कशाला चढवताय, तर त्याला माझा नंबर दे.

आईस सा. न., दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. चिऊ आता "मामी" आणि "आत्या" यात घोळ घालत नाही.

तुझा,
संजू