आप्पा, हे आभार चारचौघांत

ती. आप्पांना शि. सा. न.

फोनवर धन्यवाद म्हटलं की तुम्ही लगेच "भुसा कोरडा मिळाला का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून जाहीर लिहितेय.

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावायची म्हटल्यावर "कोणतं वाण चांगलं?" याचं उत्तर जो तो तयारच ठेवून होता, आणि बहुतेकांना ते बियाणं विकणाऱ्याने पढवलेलं. तुम्ही कृषी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी काढलेली, पण उत्तर दिलंच नाहीत. "आधी तोल, मंग बोल," एवढंच.

वर, कसं तोलायचं ते दाखवायला धुळ्याहून एसटीने अमळनेरला आलात. पांढरी फ्लोरिडा आणि करडी साजोर काजू, धिंगरीच्या या दोन्ही वाणांना एकाच ढिगातला गव्हाचा भुसा, एकाच दिवशी गरम पाण्यातून काढलेला. मूठ आवळली की तळवा ओला व्हावा, थेंब गळू नये. भुसा-बियाणं भरलेल्या पिशव्याही आलटून-पालटून टांगायला लावल्यात, नाहीतर खिडकीजवळचं वाण उगाच भाव खाऊन जातं. मग ताज्या अळिंबीच्या वजनाला कोरड्या भुश्याच्या वजनाने भागायचं आणि १०० ने गुणायचं. किलोभर भुश्यावर ६०० ग्रॅम आली तर उतारा ६० टक्के.

देठ लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या निघाल्या तेव्हा घरातले "बियाणंच बोगस" म्हणून मोकळे झाले होते. तुम्ही फोटो पाहून खिडकी उघडायला सांगितलीत. हवा कोंडली की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि देठ ताणत जातात, वाण बिचारं काय करणार! ट्रायकोडर्माची तर गंमतच. हरभऱ्याला मर लागू नये म्हणून जी बुरशी आम्ही बियाण्याला चोळतो, तीच इथे हिरवी होऊन पिशवीच्या पिशवी गिळते. बीजप्रक्रिया करून आलेल्या भावाला आता आंघोळ केल्याशिवाय या खोलीत पाय ठेवू देत नाही. चिडतो, पण ऐकतो.

तर तोलून सांगते: थंडीत फ्लोरिडा पुढे. होळीनंतर मात्र धाब्याची खोली आणि ओली गोणपाटं असूनही तिने मान टाकली, साजोर काजू तगली. विकायला पांढरी सोपी. करडीकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं. चवीचा निकाल राखून ठेवलाय, कारण तुम्ही नुसत्या तेल-मिठावर परतायला सांगितलं होतं आणि आईने सवयीने काळा मसाला घातला. दोन्ही सारख्याच झणझणीत.

काकूंसाठी सुकवलेल्या साजोर काजूचा डबा पाठवतेय. दहा किलोची वाळून जेमतेम किलोभर होते, तेव्हा डबा लहान दिसला तरी गोड मानून घ्या. सोबत वजनांची वहीही आहे, लाल पेनाने तपासा. आणि गुलाबी धिंगरीचं खात्रीचं बियाणं कुठे मिळालं तर कळवा. ती उन्हाला दाद देत नाही म्हणतात; आपल्या एप्रिल-मेमध्ये लावून बघते.

तुमची,
अमळनेरची पोर