बाबांची चॅलेंजर सापडली, तुम्हा सर्वांचे आभार

बाबांची जांभळी डॉज चॅलेंजर गाडी सापडली! १९७० चं मॉडेल, डेट्रॉईटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकच्या कारखान्यात बनलेली. माझा जन्म झाला तेव्हा घरासाठी पैसे हवेत म्हणून बाबांनी ती विकली. पुढे तिचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे.

आमच्या हातात होती विम्याची एक पिवळी पडलेली पावती आणि तिच्यावरचा गाडीचा १३ अक्षरांचा ओळख क्रमांक. १९८१ पासून हे क्रमांक १७ अक्षरी झाले, त्यामुळे आता जुना क्रमांक टाकला की बहुतेक ठिकाणी काहीच सापडत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या ज्या काकांनी तासभर फोनवर एकेक अक्षर उलगडून सांगितलं (सातवं अक्षर ‘बी’, म्हणजे हॅमट्रॅमकच!), त्यांचे उपकार कसे फेडू? जुन्या वह्या चाळून पुढच्या मालकाचा माग देणाऱ्या भंगारवाल्या आजोबांचेही आभार.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ती ओहायोतल्या त्या मुलाची. कडाक्याच्या थंडीत, शेतावरच्या कोठारात, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत हात घालून त्याने कारखान्याचा मूळ कागद अलगद बाहेर काढला. उंदरांनी कडा कुरतडल्या होत्या, पण त्यावरचा क्रमांक तोच! त्याने एक पैसा घेतला नाही.

आताच्या मालकांना गाडी विकायची नाही, आणि ते मला पटतं. भंगारात जाण्यापासून तिला त्यांनीच वाचवलं. पण त्यांनी बाबांना आग्रहाने बोलावलं. ऐंशी पार केलेले बाबा आत बसले, पिस्तुलाच्या मुठीसारखा तो गिअरचा दांडा धरला, आणि क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे गिअर टाकत राहिले.