तो बेस घे, पण त्याला पूर्ववत करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू घ्यायचा म्हणतोयस त्या जुन्या, बदल केलेल्या बेस गिटारबद्दलचं तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. फोटो मोठे करून करून पाहिले. निकाल आधी सांगतो, कारणं मागून येतीलच. हा बेस घे. पण त्याला पुन्हा ‘ओरिजिनल’ करायचा जो बेत तू लिहिला आहेस, तो डोक्यातून काढून टाक. आणि विकणारा सांगतोय ती किंमतही देऊ नकोस, कारण ती कुणीही हात न लावलेल्या जॅझ बेसची (फेंडर कंपनीच्या या मॉडेलची) किंमत आहे.

आधी त्याच्या वयाचं बोलू. विकणारा त्याला ‘सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा’ म्हणतोय, ते मला पटत नाही. तुझ्या तिसऱ्या फोटोत मागची नेक प्लेट, म्हणजे नेक (मान) बॉडीला जोडणारी पट्टी दिसते, ती तीन स्क्रूंची आहे. फेंडरने जॅझ बेसची नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर आणली ती 1974-75 च्या सुमारास. शिवाय सिरियल नंबर प्लेटवर नाही, हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावर आहे, आणि तो तिथे गेला 1976 मध्ये. म्हणजे नेक बदललेली नसेल, तर हा बेस 1976 किंवा त्यानंतरचाच. विकणाऱ्याला नेक काढून टाचेचा, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाचा फोटो पाठवायला सांग. तिथे शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा असू शकतो. पॉट्सच्या, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालच्या भागांच्या पाठीवरचे आकडेही माग. उदाहरणार्थ, 1376633 असं काही दिसलं तर 137 हा पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचा कोड, 66 म्हणजे 1966 साल आणि 33 म्हणजे त्या सालातला तेहेतिसावा आठवडा. पण फेंडरने 1966 मध्ये पॉट्सचा एवढा साठा घेतला होता की ते पुढे काही वर्षं वापरात होते. त्यामुळे हा आकडा ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतो, ‘याच सालचा’ असं सांगत नाही. शिवाय पॉट बदललेलेही असू शकतात, आणि इथे प्रीअँप (आवाज अँपकडे जाण्याआधी बेसमध्येच वाढवणारं, बॅटरीवर चालणारं सर्किट) बसवताना ते बदलले असण्याचीच शक्यता जास्त.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या यादीतले सगळे बदल एका पंगतीत बसवू नकोस. ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) बदलला आहे, पण तो जुन्याच स्क्रूंच्या भोकांवर बसलेला असेल तर तो उद्या काढता येईल. प्रीअँप वायरिंगपुरता असेल तर तोही काढता येईल. पण बॅटरीसाठी पाठीमागे लाकूड कोरून जी खाच केली आहे, ती कायमची. आणि बॉडीचा रंग घासून काढला आहे. त्या काळात नैसर्गिक लाकडाचा फिनिश कारखान्यातूनही यायचा, म्हणून आधी मला शंका होती. पण पाचव्या फोटोत नेक पॉकेटच्या (नेक बसते त्या खोबणीच्या) आतल्या कडेला काळसर-लाल रंगाची बारीक रेघ राहिली आहे. सॅंडपेपर तिथपर्यंत पोचलेला नाही. म्हणजे बेस मुळात सनबर्स्ट, मधे फिकट आणि कडेला गडद रंगाचा होता. ही एक रेघ विकणाऱ्याच्या सगळ्या वर्णनापेक्षा जास्त बोलते.

रंग बदललेल्या जुन्या वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजारातला ठोकताळा आहे. तो मुख्यतः 1965 च्या आधीच्या, म्हणजे सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेण्यापूर्वीच्या वाद्यांसाठी आहे. सत्तरीच्या उत्तरार्धातल्या वाद्यांत फरक इतका टोकाचा नसतो. पण रंग, खाच, ब्रिज आणि वायरिंग असं चारही एकत्र असताना त्याने पूर्ण किंमत मागणं चूकच आहे. त्याला शांतपणे हेच सांग, फोटोंवर बोट ठेवून.

आता तुझ्या ‘पूर्ववत’ बेताबद्दल. खाच बुजवली तरी ती खाचच राहते, जाणकाराला ती दिसते. त्या काळचे पॉट, ब्रिज, कव्हर शोधून आणायला जो पैसा जाईल, तेवढी किंमत काही वाढणार नाही. आणि ते जुने भाग येतात कुठून? दुसरा एखादा चांगला बेस मोडून. मला हे सहन होत नाही. त्यात तू ज्या आवाजासाठी हा बेस घेतोयस, तो याच बदलांतून आला आहे. जॅझ बेसची दोन्ही सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारी, एकाच वेटोळ्याची चुंबकं) सारख्या आवाजावर ठेवली की गुणगुण एकमेकांत कटते, एकच वापरलं की ती ऐकू येते. लांब केबलमध्ये आवाजाची धार मरते. प्रीअँप बसवणाऱ्यांना मुख्यतः हे दुसरं सोडवायचं होतं. बेसवादक मार्कस मिलरचा 1977 चा जॅझ बेस गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्कीने प्रीअँप बसवून बदलला आणि तो आवाज आज जगभरचे बेसवादक शोधत फिरतात. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून टाकलेले होते आणि फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचा थर दिलेला होता. आजचा संग्राहक त्याला ‘खराब केलेला’ म्हणेल. ज्या वादकांनी हे केलं, त्यांच्या हातात जुनं वाद्य नव्हतं, कामाचं वाद्य होतं, एवढं लक्षात ठेव.

आणि यातच आपल्यासारख्यांचा फायदा आहे. संग्राहक बदललेल्या वाद्याकडे पाठ फिरवतात, म्हणून वाजवणाऱ्याला चांगलं जुनं लाकूड परवडणाऱ्या किमतीत मिळतं.

हातात घेशील तेव्हा आधी अँपला न जोडता वाजव. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघ. कागद जाईल इतपत ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) फिरतो का, हे त्यालाच करून दाखवायला सांग, तू जोर लावू नकोस. रॉड टोकाला गेलेला असेल तर मात्र बेस तिथेच ठेवून ये, आवाज कितीही आवडो. मग ‘जी’ (G, सगळ्यात बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एकेक स्वर लांबव. फेंडर पद्धतीच्या बेसवर तिथे एखादा स्वर लवकर विझतो. थोडं असतंच, पण तुझ्या नेहमीच्या स्वरावर ते येत असेल तर रोज डोक्याला ताप होईल. वजनही विचार. त्या काळातल्या अ‍ॅशच्या बॉडी जड असतात आणि तुझी पाठ मला माहीत आहे. पिकअप मल्टिमीटरवर तपासून घे, सात-आठ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर निर्धास्त राहा. पिकअपच्या आतली तारच तुटलेली असेल तर मीटरवर काहीच येणार नाही.

माझा प्रिसिजन (फेंडरचंच दुसरं बेस मॉडेल) विकला गेला, हे तुला सांगायचं राहिलंच होतं. साठच्या दशकातला, ब्रिजपाशी कुणीतरी जॅझचं पिकअप बसवलेला. विकायला काढताना मी पिकगार्ड उघडून आतले फोटो दिले आणि काय बदललं, काय मूळ आहे, काय मला कळलेलं नाही, हे सगळं सरळ लिहून टाकलं. काढलेले जुने पॉट आणि ब्रिज मी एका खोक्यात जपून ठेवले होते, ते बेसबरोबरच दिले. दोन-तीन जणांनी फोटो पाहूनच माघार घेतली, ते बरंच झालं. ज्याने घेतला, तो ते पिकअप हवं म्हणूनच आला होता. घासाघीस झाली, पण लपवाछपवीचा विषयच नव्हता, त्यामुळे सौदा मोकळ्या मनाने झाला. तूसुद्धा विकणाऱ्याकडून असं लेखी वर्णन आणि काढलेले भाग मागून घे. पुढे कधी तुला विकायचा झाला तर ते कागद तुझ्या कामी येतील.

एक गोष्ट परदेशातून मागवणार असशील तरच. रोझवुडच्या फ्रेटबोर्डची लाकडाची जात विचार. 2019 पासून तयार वाद्यांना बऱ्याच जातींसाठी सवलत मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वात कडक यादीत आहे आणि कागदांशिवाय सीमेवर अडकू शकतं. तुझ्या बेसचा फ्रेटबोर्ड फोटोत मेपलचा दिसतो, त्यामुळे तुला बहुधा काळजी नाही.

पाठवणी होणार असेल तर बॅटरी काढून, तारा थोड्या सैल करून, हेडस्टॉकखाली आधार देऊन कडक केसमध्येच पाठवायला सांग. आणि पैसे देण्याआधी नेकच्या टाचेचा फोटो मला पाठव, मी रात्री उशिरा असलो तरी बघून लगेच कळवीन.

तुझाच मित्र