शब्दनिर्मितीचा सराव तक्त्यातून नको, उताऱ्यातून हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांसाठीच्या पुरवण्यांमध्ये आणि परीक्षांच्या तयारीच्या पानांवर इंग्रजी शब्दनिर्मितीचे जे स्वाध्याय छापले जातात, त्यांच्या स्वरूपाविषयी हे पत्र आहे. बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा तक्ता असतो: डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे उपसर्ग किंवा प्रत्यय आणि वर 'जोड्या लावा' अशी सूचना. मुले तो झटपट सोडवतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि तेच शब्द निबंधात वापरायची वेळ आली की अडखळतात. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. तक्त्यातला शब्द सुटा असतो. वाक्यात नाम हवे की विशेषण, अर्थ होकारी हवा की नकारी, हे तिथे ठरवावेच लागत नाही, आणि शब्दनिर्मितीतले खरे काम तर तेवढेच आहे.

याच्या तुलनेत केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतला शब्दनिर्मितीचा प्रश्न पाहावा. तिथे एक सलग उतारा, त्यात आठ रिकाम्या जागा आणि प्रत्येक जागेसाठी एक मूळ शब्द दिलेला असतो. त्यापासून जागेला शोभेल असे रूप विद्यार्थ्याने स्वतः घडवायचे असते. समजा, वाक्य आहे 'हिज सेकंड अटेम्प्ट वॉज ऑल्सो ____, सो ही गेव्ह अप' आणि दिलेला शब्द आहे 'सक्सीड'. इथे विशेषण हवे हे ज्याच्या लक्षात येते, तो 'सक्सेसफुल' लिहून मोकळा होतो. पण दुसराही प्रयत्न तसाच गेला म्हणून गड्याने नाद सोडला, असे वाक्य सांगत असताना तो प्रयत्न यशस्वी कसा असेल? 'ऑल्सो' आणि 'गेव्ह अप' या दोन खुणा वाचल्या तरच 'अनसक्सेसफुल' सुचते. प्रत्यय निवडताना शब्दाची जात पाहावी लागते आणि उपसर्ग निवडताना वाक्याचा आशय. ही दोन्ही कामे तक्ता करू देत नाही. ('एनलार्ज'सारख्या शब्दात उपसर्गच विशेषणाचे क्रियापद करतो हे खरे, पण असे शब्द थोडे.)

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठी माध्यमातली मुले या विषयाकडे कोरी पाटी घेऊन येत नाहीत. सिद्ध आणि साधित शब्द, उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द हे सारे त्यांनी मराठीच्या तासाला शिकलेले असते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणता उपसर्ग कोणत्या शब्दाला चालतो याची जाण त्यांना बोलता बोलता आलेली असते. 'अशक्य', 'गैरहजर', 'बेजबाबदार', 'नापसंत' हे चारही नकार. पण 'बेशक्य' किंवा 'अहजर' असे लहान मूलही म्हणत नाही. संस्कृतातून आलेल्या शब्दांना सहसा 'अ' लागतो, फारसी-अरबीतून आलेल्यांना 'बे', 'ना', 'गैर'. इंग्रजीतही असेच दोन थर आहेत. 'अन' हा तिचा घरचा उपसर्ग, तर 'इन' हा लॅटिनमधून आलेला. आणि हे दोन्ही उपसर्ग व आपला 'अ' किंवा 'अन्' मुळात एकाच घराण्यातले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते.

म्हणूनच इंग्रजीत 'अनस्टेबल' म्हणतात, पण नाम करताना 'इन्स्टॅबिलिटी' होते. 'अनेबल' पण 'इनॅबिलिटी', 'अनइक्वल' पण 'इनइक्वॅलिटी', 'अनजस्ट' पण 'इनजस्टिस'. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो, कारण विशेषणाचा उपसर्ग नामालाही तसाच राहील असे तो गृहीत धरतो. 'नेस' आणि 'इटी' या प्रत्ययांचे नातेही आपल्या 'पणा' आणि 'ता' यांच्यासारखे आहे. 'पणा' जवळजवळ कोणत्याही विशेषणाला लावता येतो; 'ता' मात्र 'सरळ'ला लागत नाही, 'सरल'ला लागतो. 'नेस' असाच मोकळा आणि 'इटी' बहुधा लॅटिन वळणाच्या शब्दांनाच चिकटणारा. हे एकदा समजले की प्रत्येक शब्द सुटा पाठ करण्याचे ओझे बरेच हलके होते.

'इन'चे रूप पुढच्या अक्षराप्रमाणे बदलते, तो भाग तर संधी शिकलेल्या मुलाला नवा वाटूच नये. 'उत्' आणि 'लेख' मिळून 'उल्लेख' होतो, तसाच 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल'. 'र'पूर्वी 'इर्रेग्युलर', 'प'पूर्वी 'इम्पॉसिबल'. 'इल्लीगल'मध्ये दोन एल का लिहायचे, हे यातून आपोआप कळते. घरचा 'अन' मात्र हट्टी, तो कशापुढेही बदलत नाही. त्यामुळे 'अनपॉप्युलर' हेच बरोबर, आणि 'अननेसेसरी'त दोन एन येतात तेही उपसर्ग आणि मूळ शब्द दोघांनी आपापला एन राखल्यामुळे. शुद्धलेखनातील चूक दाखवणाऱ्या 'मिसस्पेल' शब्दातला एक एस गाळणारे लोक पुष्कळ आढळतात, ते हेच विसरल्यामुळे.

उच्चाराचा विचार छापील स्वाध्यायात क्वचितच असतो. 'फोटोग्राफ'मध्ये आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारखंडावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर पडतो; आघाताच्या अक्षराखाली नुसती रेघ ओढली तरी पुरे.

यातही नियमांवर आंधळा भरवसा नको. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे ज्वलनशील, न जळणारा नव्हे. तिथला 'इन' नकाराचा नाहीच. 'हार्ड' म्हणजे कष्टाने, तर 'हार्डली' म्हणजे जेमतेम. स्वयंपाक करणारा 'कुक' आणि ज्यावर स्वयंपाक करायचा तो 'कुकर'. आपल्या पदाचेच पाहा: आधी 'एडिट' क्रियापद आणि त्याला प्रत्यय लागून 'एडिटर', असे कोणालाही वाटेल, पण आज रूढ असलेले 'एडिट' हे क्रियापद बऱ्याच अंशी 'एडिटर'चाच शेवट छाटून तयार झालेले आहे. अशा शब्दांचा अर्थ ते वाक्यात भेटल्यावाचून कळत नाही, आणि 'रिफ्यूज'चे 'रिफ्यूजल' पण 'अग्री'चे 'अग्रीमेंट' का, याला तर वापराखेरीज दुसरे उत्तर नाही.

तेव्हा आपणास विनंती अशी, की आपल्या पुरवणीत जोड्या लावण्याच्या तक्त्याऐवजी दहा-बारा ओळींचा एक उतारा द्यावा, त्यात सात-आठ जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि त्यांपैकी दोन-तीन ठिकाणी तरी नकारी रूप लागेल, पण ते लागते असे कुठेही सांगू नये. पुढच्या अंकात उत्तरे छापताना नुसता शब्द न देता, वाक्यातील कोणत्या खुणेवरून तो ठरला हे एका ओळीत लिहावे. त्याच मूळ शब्दाची नाम, विशेषण, क्रियापद आणि क्रियाविशेषण अशी रूपे शेजारी द्यावीत. आणि जिथे दोन रूपे चालू शकतात, तिथे दोन्ही बरोबर धरावीत.

आपला नम्र,
एक वाचक